एका शाळेत चार मस्टर, मग संघटना करण्याचा हक्क कोणाचा?

खडूची धूळ (धागाकर्ती)

मुंबई महानगरपालिकेच्या पूर्व उपनगरातील एका मराठी प्राथमिक शाळेत मी १९ वर्षे शिकवते आहे. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचे आहे त्यांच्या पोटावर पाय येऊ नये. आमच्या इमारतीत रोज चार वेगवेगळ्या मस्टरवर सह्या होतात. पहिले मस्टर आम्हा शिक्षकांचे आणि दुसरे शिपाई व हमालांचे. हे दोन्ही गट पालिकेचे कायम कर्मचारी आहेत. तिसरे मस्टर तळमजल्यावरच्या बालवाडीतील शिक्षिका आणि मदतनीस मावशींचे आहे. त्यांना पालिका थेट नेमत नाही, एका संस्थेमार्फत मानधन मिळते. चौथे मस्टर जिने आणि स्वच्छतागृहे साफ करणाऱ्या बायकांचे. त्या ठेकेदाराकडे आहेत. ठेकेदार बदलला की मस्टर बदलते, बायका त्याच राहतात.

शाळा सुरू झाल्यावर बालवाडीच्या बाईंनी आसपासच्या शाळांतील आपल्यासारख्या बायकांशी बोलून संघटना काढायचे मनावर घेतले. मानधन दर महिन्याला ठरलेल्या तारखेस मिळावे, मे महिन्याचे कापू नये, आणि बाळंतपणानंतर आपली जागा आपल्याला परत मिळावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. दोन आठवड्यांत संस्थेच्या समन्वयकांनी त्यांना बोलावून सांगितले की तुम्ही नोकर नाही, मानसेवी आहात, मानसेवी व्यक्तीला युनियन नसते, आणि ज्यांना ती हवी आहे त्यांची नावे पुढच्या वर्षीच्या यादीत असतीलच असे नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. समन्वयकांचे म्हणणे कायद्याला धरून आहे का, ही पहिली. दुसरी मला अधिक छळते. आमच्या शिक्षक संघटनेच्या शाखेच्या बैठकीत मी हा विषय काढला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी "त्या आपल्या सभासद नाहीत" एवढेच म्हटले आणि पुढचा विषय घेतला. मी गप्प बसले. ज्या मुलांना मी पहिलीत घेते त्यांना पेन्सिल धरायला त्या बाईंनी शिकवलेले असते, आणि तरीही मी गप्प बसले, हे मला स्वतःला पटलेले नाही.

कलम एकोणीस

ताई, मी कामगार न्यायालयांत वकिली करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाला आधी हात घालतो. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मधील पहिल्या उपकलमाच्या 'ग' खंडात आहे आणि तो सर्व नागरिकांना आहे. त्यात कायम, हंगामी, मानसेवी असा भेद नाही. सरकारी नोकरी स्वीकारली म्हणून हा हक्क गहाण पडत नाही, हे ठरवणारा एक महत्त्वाचा खटला आपल्या मुंबईतूनच गेला होता. ई. एक्स. जोसेफ हे मुंबईत केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण व लेखा विभागात नोकरीला होते आणि तेथील कर्मचारी संघटनेचे सचिव होते. सरकारने मान्यता न दिलेल्या संघटनेचे सभासद राहण्यास तेव्हाच्या वर्तणूक नियमांनी मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो नियम रद्द ठरवला. संघटना करण्याचा हक्क सरकारच्या मान्यतेवर टांगून ठेवता येत नाही, असा त्याचा अर्थ.

मात्र हक्काची हद्दही नीट समजून घेतली पाहिजे. त्याच काळात न्यायालयाने हेही सांगितले की संघटना स्थापण्याचा हक्क मूलभूत आहे, पण त्या संघटनेशी मालकाने वाटाघाटी केल्याच पाहिजेत किंवा तिला संप करता आलाच पाहिजे, हा मूलभूत हक्क नाही. २००३ मध्ये तमिळनाडूच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात तर संपाचा कायदेशीर किंवा नैतिक हक्कही नाही, इथपर्यंत न्यायालय गेले. तो निर्णय मला खटकतो, परंतु तो आहे.

आता तुमच्या चार मस्टरांकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. शिपाई आणि हमाल हे औद्योगिक कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरू शकतात. शिक्षक मात्र ठरत नाहीत. शाळा हा 'उद्योग' आहे, असे १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा खटल्यातून निघते. पण १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की उद्योगात असूनही शिक्षक हा कामगार नव्हे, कारण शिकवणे हे अंगमेहनतीचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम नाही. त्यामुळे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखाली मदतनीस मावशींना तक्रार करणे तुलनेने सोपे आहे आणि त्यांच्याच शेजारी बसणाऱ्या बालवाडी शिक्षिकेला अवघड. संघटनेत गेलात तर काढून टाकू, अशी धमकी देणे ही त्या कायद्याने अनुचित प्रथा आहे. माणसे वर्षानुवर्षे तात्पुरती ठेवून त्यांना कायमपणाच्या लाभांपासून वंचित करणे, हेही त्याच्या चौथ्या अनुसूचीत सहाव्या क्रमांकावर लिहिलेले आहे.

संघटनेच्या नोंदणीची व्याख्या मात्र बरीच रुंद आहे. १९२६ च्या कामगार संघ कायद्यात व्यवसायात किंवा उद्योगात नोकरीला असलेली कोणतीही व्यक्ती येत होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत त्या कायद्याची चौकट बव्हंशी तशीच घेतली आहे. किमान ७ जणांनी अर्ज करावा लागतो, आणि आस्थापनेतील एकूण कामगारांपैकी दहा टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असावे लागतात. म्हणून शिक्षिका आणि मावशी एकाच संघटनेत नोंदवण्याचा आग्रह धरावा, असे माझे मत आहे.

'मानसेवी' या शब्दाचे उत्तरही देतो. अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे, असे मानले. बालवाडीला तो निर्णय आपोआप लागू होत नाही, पण 'मानधन' हा शब्द उच्चारला की सगळे हक्क संपतात, हा समज त्याने मोडला आहे.

शाळा समितीतला पालक

माझी मुलगी पालिकेच्या शाळेत चौथीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. संघटनांविषयी माझ्या मनात आकस नाही, माझे वडील गिरणीत होते. पण मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० तारखेपर्यंत संप झाला, तेव्हा माझा पुतण्या बारावीच्या परीक्षेला बसला होता. पर्यवेक्षक येतील की नाही, या काळजीने त्या घरात आठवडाभर कोणी धड जेवले नाही. आमच्या वस्तीतील मुलांना खासगी शिकवणीचा पर्याय नसतो. शाळा बंद झाली की दुपारची खिचडीही बंद होते. ज्यांच्याकडे दुसरे काही नाही अशांचीच मुले ओलीस राहतात, असे एक पालक म्हणून मला वाटते, आणि त्याचे उत्तर मला कोणत्याही संघटनेने आजवर दिलेले नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

पालकांनी मांडलेली काळजी खोटी नाही आणि ती उडवून लावू नये. मी संपाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. माझे वडील मंत्रालयात कारकून होते. १४ डिसेंबर १९७७ रोजी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो ५४ दिवस चालला. संपाचे नेते र. ग. कर्णिक यांचे नाव तेव्हा आमच्या घरात रोज घेतले जाई. दोन महिने पगार आला नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याने खाते बंद केले नाही म्हणून आम्ही जेवलो. आईने त्या काळात लोकरीचे स्वेटर विणून विकले. वडील कामावर परत गेले त्या दिवशी घरात कोणी आनंद केला नाही, सगळे नुसते थकलेले होते. संप ही हौसेने करायची गोष्ट नाही, हे मी तेव्हाच शिकलो.

पुढे मी मुख्याध्यापक झालो आणि खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने पाहू लागलो. माझा अनुभव असा की ज्या शाळेत संघटनेची शाखा जिवंत होती तिथे तक्रार लवकर कानावर येई आणि लवकर मिटे. जिथे शाखा नव्हती तिथे ती कुजत राही, आणि मग एखादी मावशी न सांगता यायची बंद होई. बदलीच्या, रजेच्या, थकबाकीच्या शेकडो गोष्टी संपाशिवाय, नुसत्या पत्राने आणि बैठकीने सुटलेल्या मी पाहिल्या आहेत, पण त्यांची बातमी कधी होत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ घ्या. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असे ते सांगते. ते कलम हातात घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनात जाणारा माणूस एकटा असेल तर त्याला खुर्चीही मिळत नाही.

या शहराला हे नवीन नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली तेव्हा तिच्याकडे ना नोंदणी होती, ना निधी, ना सभासदांची वही. कायदा १९२६ साली आला. रविवारची सुट्टी १८९० सालीच मिळाली होती. कागद नसतानाही माणसे एकत्र आली, आणि कायदा त्यांच्या मागून चालत आला.

वर्ग सातवा ब

मी खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी "त्या सभासद नाहीत" असे म्हटले, त्यामागे निव्वळ कोतेपणा असेल असे मला वाटत नाही, म्हणून त्यांची बाजू मांडतो. प्रत्येक गटाच्या सेवाशर्ती वेगळ्या असतात. आमच्यासाठी १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आहे, १९८१ चे नियम आहेत आणि दाद मागायला शाळा न्यायाधिकरण आहे. पालिकेच्या शिक्षकांना तो कायदाच लागू नाही. विधान परिषदेवर शिक्षक मतदारसंघातून आमदार निवडून जातात, पण माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच तिथे मत आहे. प्राथमिक शिक्षकांना ते नाही. जिथे शिक्षकाशिक्षकांतच इतके बांध आहेत, तिथे सफाई कामगारांचे आणि बालवाडीचे प्रश्न एकाच संघटनेने घेतले तर कोणालाच न्याय मिळणार नाही, अशी भीती रास्त आहे.

तरीही मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्हा शिक्षकांना ग्रॅच्युइटी कशी मिळाली, हे आमच्यातील बहुतेकांना ठाऊक नसते. अहमदाबादच्या खासगी प्राथमिक शिक्षकांची संघटना न्यायालयात गेली आणि २००४ मध्ये हरली. शिक्षक हा त्या कायद्यातला 'कर्मचारी' नव्हे, असा निकाल लागला. न्यायालयाने विषय संसदेवर सोडला. संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. त्या दुरुस्तीला खासगी शाळांनी दिलेले आव्हान २०२२ मध्ये फेटाळले गेले. व्याख्येच्या बाहेर उभे राहणे काय असते, हे आपण भोगलेले आहे. तेच आज बालवाडीच्या बाई भोगत आहेत. स्वतंत्र संघटना त्यांनी जरूर काढावी, पण "त्या आपल्या नाहीत" हे वाक्य शिक्षकाच्या तोंडी शोभत नाही, इतके माझे स्वतःचेच मत हे लिहिता लिहिता बदलले आहे.

गिरगाव ते पलीकडे

मी मूळची गिरगावची, सध्या अमेरिकेत राहते. इकडच्या सार्वजनिक शाळांतील कर्मचाऱ्यांचे उदाहरण या चर्चेला उपयोगी पडेल, म्हणून लिहिते. १९३५ च्या ज्या राष्ट्रीय कायद्याने कामगार संघटनांना संरक्षण दिले, त्यातून राज्यांचे आणि स्थानिक संस्थांचे कर्मचारी वगळलेले आहेत. त्यामुळे शाळेतल्या माणसाचा सामूहिक वाटाघाटीचा हक्क तो कोणत्या राज्यात राहतो यावर ठरतो. विस्कॉन्सिनने १९५९ मध्ये स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना तो सर्वांआधी दिला आणि त्याच विस्कॉन्सिनने २०११ मध्ये वाटाघाटी मूळ पगारापुरत्या आवळून टाकल्या. नॉर्थ कॅरोलिनात तर १९५९ पासून सरकारी कर्मचारी संघटनेशी केलेला करारच बेकायदा आहे. दिलेला हक्क परत घेतला जाऊ शकतो, हे त्यातून दिसते.

पण पालकांच्या प्रश्नाला जोडून मला वेस्ट व्हर्जिनियाची गोष्ट सांगायची आहे. तिथे २०१८ च्या फेब्रुवारीत शिक्षकांनी संप केला, तेव्हा शाळेच्या बसचे चालक आणि स्वयंपाकघरातील कर्मचारीही त्यांच्याबरोबर उतरले. राज्यातील सर्व ५५ परगण्यांच्या शाळा बंद होत्या. शाळेच्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी शिक्षकांनी आणि स्वयंपाकिणींनी आधीच अन्नाच्या पिशव्या भरून घरोघर पोहोचवायची व्यवस्था केली. शेवटी मिळालेली ५ टक्के वाढ शिक्षकांपुरती राहिली नाही, ती राज्याच्या सर्व कर्मचाऱ्यांना लागू झाली. तिथेही संपाला कायद्याची मान्यता नव्हती. मुलांची आधी काळजी घेतली, म्हणूनच पालक त्यांच्या पाठीशी राहिले, असे मला वाटते.

तळमजला

वरच्या धाग्यात ज्या बालवाडीविषयी लिहिले आहे, तिथे मी शिकवते. धागा काढणाऱ्या बाईंनी मला हे वाचायला दिले आणि लिहायलाही सांगितले. मी बारा वर्षे हे काम करते आहे. माझ्या वर्गात ३२ मुले आहेत. त्यांतील काही सकाळी उपाशी येतात, काही पहिले दोन महिने नुसती रडतात. संस्था मध्ये दोनदा बदलली, आणि प्रत्येक वेळी मला नव्याने अर्ज करून नवीन म्हणून लागावे लागले. म्हणजे कागदावर माझी बारा वर्षे कुठेच नाहीत.

आम्हाला वरच्या मजल्यावरच्या शिक्षकांएवढा पगार द्या, असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. माझ्या मदतनीस मावशींना गेल्या वर्षी सात महिन्यांची असताना घरी बसवले आणि त्यांच्या जागी दुसरीला घेतले. त्यांनी कोणाकडे जायचे, हे आमच्यापैकी एकीलाही सांगता आले नाही. संस्था म्हणाली पालिकेने ठरवले, पालिकेच्या कार्यालयात म्हणाले संस्थेला विचारा. संघटना काढायचे तेव्हाच ठरले. भीती वाटते, हे मी लपवत नाही. माझ्या घरात माझे मानधन धरून भाडे भागते.

कलम एकोणीस

ताई, तुमच्या बारा वर्षांचे कागद जपून ठेवा. बँकेच्या पासबुकातील नोंदी, हजेरीच्या वहीचे फोटो, प्रशिक्षणाची पत्रे, शाळेने दिलेले ओळखपत्र, जे असेल ते. पुढे मालक नेमका कोण, हाच मुद्दा निघेल. मालक आणि कामगार हे नातेच वादग्रस्त असेल तर १९७१ च्या कायद्याखाली तक्रार चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला कंपनीच्या प्रकरणात म्हटले आहे, आणि मुंबईतील ठेका कामगारांच्या वाटेतला तो सर्वांत मोठा धोंडा आहे. ते नाते आधी औद्योगिक न्यायाधिकरणात सिद्ध करावे लागते. वेळ लागतो, पण होते. पालिकेच्या कचरा वाहतुकीतील सुमारे २,७०० ठेका कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. त्यांच्या मागे कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षे उभा होता. एकट्या कामगाराला इतकी वर्षे कोर्टात टिकता आले नसते.

शाळा समितीतला पालक

वरचे सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. संपाविषयीची माझी काळजी गेलेली नाही, पण मी संघटना आणि संप या दोन गोष्टी एकच धरून बोलत होतो, हे मान्य करतो. माझी मुलगी अशाच एका बालवाडीतून आली आहे आणि त्या बाईंना मानधन किती मिळते, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारले नाही. पुढच्या समिती बैठकीत मानधन वेळेवर मिळण्याचा आणि बाळंतपणानंतर जागा राखण्याचा ठराव मी मांडणार आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. ठराव संस्थेवर बंधनकारक नसेलही, पण तो इतिवृत्तात राहील.

खडूची धूळ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. काल शाखेच्या बैठकीत मी हा विषय पुन्हा काढला आणि या वेळी खाली बसले नाही. संघटनेत सभासदत्व देण्यावर एकमत झाले नाही, मात्र संघटनेचे कार्यालय रविवारी सकाळी बालवाडीच्या बायकांना वापरू द्यायचे आणि नोंदणीचा अर्ज भरायला दोन शिक्षकांनी मदत करायची, एवढे ठरले. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनीच चहाचे सांगितले.

आज पाच शाळांतून ११ जणी आल्या होत्या. ९ जणींनी सह्या केल्या, दोघींनी घरी विचारून सांगते म्हटले. संस्थेकडे शहरभर मिळून साधारण १४० बायका आहेत, म्हणजे वकीलसाहेबांनी सांगितलेल्या हिशेबाने १४ सभासद लागतील. अजून पाच हव्या आहेत. वर्गणी किती ठेवावी, यावर बराच वेळ गेला. असंघटित क्षेत्रासाठी १९२६ च्या कायद्याने ठरवलेली किमान वर्गणी वर्षाला ३ रुपये होती, हे ऐकून सगळ्याच चकित झाल्या आणि शेवटी महिन्याला १० रुपये ठरले.

एका गोष्टीवर सल्ला हवा आहे. सभासदांच्या यादीत नावापुढे व्यवसाय लिहावा लागतो. शिक्षिका म्हटले तर १९८८ च्या निकालाची भीती, सेविका म्हटले तर बारा वर्षांचे शिकवणे पुसले जाते. यावर चर्चा चालू असताना ज्या मावशींची जागा गेली त्या उठल्या आणि म्हणाल्या की सगळ्यांच्या पुढे 'शाळा कर्मचारी' लिहा. तूर्त पेन्सिलीने तसे लिहिले आहे. वांद्र्याच्या कामगार भवनात आम्ही येत्या गुरुवारी जाणार आहोत. शाईने लिहायचे की नाही, हे वकीलसाहेबांनी त्याआधी कळवावे.